आजी दिवसभर काय करते?

मंडळी, नमस्कार.

गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, सोलापूरला आईकडे जाऊन आले. परतताना विमानात माझ्या आठ वर्षांच्या लेकीनं विचारलं, "आजी दिवसभर काय करते?" मी म्हणाले, "आराम." तर म्हणते, "तिला कुणी काही करूच का देत नाही?"

कारण तशी सोय मीच करून ठेवली आहे. आई रोज पहाटे सिद्धेश्वराला चालत जायची, तळ्याकाठानं फेरी मारायची. शेंगाचटणी उखळात कांडायची, भिशीचा हिशेब तोंडी करायची, शेजारच्या काकूंशी तासन्‌तास तेलुगूत बोलायची. मी इथे बसून स्वयंपाकाला बाई लावली, किराणा मोबाइलवर मागवू लागले, एकटीनं बाहेर पडू नकोस म्हणून बजावलं. ऐकू कमी येतंय हे कळूनही कानाच्या यंत्राचा विषय दोन वर्षं टाळला.

या खेपेला ती हट्टानं चटणीला बसली. दाणे भाजले, लसूण सोलला, तिखट घातलं. मग चिमूटभर मीठ हातात धरून तशीच थांबली. "घातलं का गं मी?" पुन्हा तेच. डॉक्टरांनी तपासलं, लक्ष ठेवा म्हणाले.

तेव्हापासून वाचतेय. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १२६० जणांवर दोन वर्षं प्रयोग झाला. निम्म्यांना नुसता सल्ला दिला. उरलेल्यांना व्यायाम, नीट आहार, बुद्धीचा सराव आणि रक्तदाब-साखरेवर नजर, असं सगळं एकत्र दिलं. त्यांची बुद्धी चाचण्यांत अधिक चांगली राहिली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ साली स्मृतिभ्रंशाचे १४ धोके मोजले, त्यांत बैठेपणा, एकटेपणा आणि बहिरेपणाही आहे. ते सगळे टळले तर स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणं टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज. आईचं जुनं रोजचं जगणं आठवलं आणि वाचता वाचता गळा दाटला.

आईवडिलांपासून दूर राहणारे आपण सगळेच पैसे पाठवतो, कॅमेरे बसवतो आणि फोनवर पहिलं वाक्य म्हणतो, "दगदग करू नकोस." मंडळी, हे वाक्य आता सोडा. आज काय केलंस, कुणाकडे गेलीस, असं विचारा. पडण्याची भीती असेल तर सोबत बघून द्या, पण दाराला कडी घालू नका.

यंत्र आता कानात आहे. काकूंकडे जाणं पुन्हा सुरू झालंय. परवा व्हिडिओवर लेकीला तेलुगू आकडे शिकवत होती. ओकटी, रेंडु, मूडु... आरूपर्यंत झरझर गेली आणि अडखळली. लेक वाट बघत राहिली. थोड्या वेळानं आई म्हणाली, "एडु."

त्या मधल्या वेळाचं काय करायचं, मला अजून कळत नाहीये.