तीन सेकंदांत चार शब्द

[दृश्य: कोल्हापूर, राजारामपुरीतला जिना, चपलांची रांग, वर्गाचं दार]

सकाळचे साडेसात. सर घड्याळ हातात धरून उतारा वाचायला लागतात आणि वर्गात पेन्सिलींची खसखस सुरू होते. मिनिटाला 80 शब्द, म्हणजे तीन सेकंदांत चार. कोर्टात लघुलेखक, म्हणजे बोललेलं खुणांच्या लिपीत झरझर टिपणारा, व्हायचं तर हा वेग हातात बसायलाच हवा.

[दृश्य: वहीचा क्लोज-अप]

नीट बघा. आडवी बारीक रेघ म्हणजे क. तीच जरा दाबून काढली की ग. तिरकी बारीक प, दाबली की ब. आयझॅक पिटमन यांनी 1837 मध्ये इंग्रजीसाठी आणलेली ही पद्धत मराठीनं आपल्या ध्वनींसाठी वळवून घेतली. काना-मात्रा देत बसायला इथं वेळ कुणाला? चिन्ह ओळीच्या वर आहे, ओळीवर टेकलंय की ओळीतून आरपार गेलंय, यावरून स्वर ओळखायचा. नेहमी जोडीनं येणारे शब्द पेन्सिल न उचलता एका दमात.

पेन्सिल दोन्ही टोकांना तासलेली. एक टोक मोडलं तर उलटी धरायची, सर थांबणार नाहीत.

[दृश्य: उतारा संपतो. मुली वही वाचतात]

खरी परीक्षा आता. लिहिलेलं वाचता आलं पाहिजे. “सर, तहकूब हुकलं.” सर हसतात. पहिल्या महिन्यात सगळ्यांचंच हुकतं म्हणे, तारीख मात्र कुणाची चुकत नाही.

राज्य परीक्षा परिषदेच्या लघुलेखन परीक्षा मिनिटाला 60, 80, 100, 120 शब्द अशा पायऱ्यांनी चढायच्या. जोडीला टंकलेखन हवंच, मराठी 30 आणि इंग्रजी 40. ते आता संगणकावर. कोपऱ्यातली कापडाखालची यंत्रं सरांनी मोडीत काढलेली नाहीत, एवढंच.

[दृश्य: कसबा बावडा, न्याय संकुलाचं आवार]

जिल्हा न्यायालयांत 1998 पासून मराठी ही कामकाजाची भाषा आहे. साक्ष बरेचदा थेट संगणकावरच उतरते, पण न्यायाधीश निकाल सांगायला बसले की वही उघडावी लागते. आणि साक्ष तरी कुठं जशीच्या तशी लिहायची असते? वकील विचारतात, “तुम्ही त्या रात्री मळ्यात नव्हताच, बरोबर?” साक्षीदार म्हणतो, “हुतो की! पाणी पाजत हुतो.” कागदावर येतं: मी त्या रात्री मळ्यात नव्हतो, हे म्हणणे खरे नाही. प्रश्न गेला, ठसका गेला, उरलं प्रथमपुरुषी निवेदन. सांगतात न्यायाधीश, पण ऐकणाऱ्याला सरतपास-उलटतपास, फिर्याद, जप्ती, पंचनामा कानावरून ओळखीचे नसतील तर हात अडखळतोच. म्हणून सरांचे उतारे वर्तमानपत्रातले नसतात. जुन्या निकालांची भाषा असते.

सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये घटनापीठापुढच्या सुनावणीसाठी यंत्राकडून लेखन करून पाहिलं. इथल्या मुलांनाही ते ठाऊक आहे. यंत्राला आधी कागलच्या बोलीतला उलटतपास कळू दे, मग बोलू.

[दृश्य: भाऊसिंगजी रस्ता, सीपीआर रुग्णालयासमोरची जुनी न्यायालयाची इमारत]

ही इमारत कोल्हापूरकरांना वेगळी सांगायला नको. उच्च न्यायालय इथं यावं म्हणून चार दशकांहून जास्त काळ मोर्चे, उपोषणं, वकिलांचा कामकाजावर बहिष्कार. आणि 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं पीठ, इथं बसू लागलं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांचे पक्षकार आता इकडं येतात. बेंच आपलं, मग त्यातली वही आपल्या पोरींच्या हातात का नसावी?

परीक्षा पास झालेल्या सगळ्यांनाच नोकरी लागते असं नाही. भरतीची जाहिरात येईपर्यंत बरेच जण वकिलांकडं टायपिंग करतात.

[दृश्य: संध्याकाळची तुकडी, फळ्यावर इंग्रजी उतारा]

उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं. त्यामुळं मराठी 80 पास झालेल्या मुली संध्याकाळी पुन्हा याच बाकांवर येतात, इंग्रजी 60 पासून सुरुवात करायला.