भरतीचा सराव ओहोटीला

(दृश्य: तारकर्ली, पहाट. ओली वाळू, त्यावर अनवाणी पावलं.)

ओहोटी लागली की इथली वाळू घट्ट होते, पाय रुतत नाहीत. म्हणून नेव्हीच्या भरतीचा सराव इथली पोरं ओहोटी बघून करतात. ‘‘झिला, पाणी चढूच्या आधी धावान घे,’’ आजी पडवीतनं सांगते.

1.6 किलोमीटर, साडेसहा मिनिटं. वर एक सेकंद गेला तरी बाद. सुरूच्या झाडाखाली मामा मोबाइलचं स्टॉपवॉच धरून उभा आहे. शेवटचे दोनशे मीटर नीट बघा. खांदे वर चढतात, तोंड उघडं पडतं. मामा ओरडत नाही, नुसता हाताने खाली दाबल्यासारखं करतो: खांदे सोड. थांबल्यावर दम बसायच्या आत 20 उठाबशा. मग जोर.

(दृश्य: रापण ओढली जातेय, किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं.)

हा मुलगा लहानपणापासून खाडीत पोहतो. रापणीचा दोर हातात आला की पाण्याची ओढ कुठली, ते त्याला न बघता कळतं. नेव्हीच्या भरतीत कुठल्याही टप्प्यावर पोहण्याची चाचणी नाही. पोहणं पुढे ओडिशात, आयएनएस चिलिका या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात गेल्यावर शिकवतात. ज्याला पाणी ठाऊक नाही, त्यालाही संधी मिळावी, हे रास्तच. पण ज्याला ठाऊक आहे, त्याच्या खात्यात काहीच जमा होत नाही, एवढं खरं.

गाळणी लागते ती संगणकावर. 100 प्रश्न, 60 मिनिटं. इंग्रजी, विज्ञान, गणित, सामान्य ज्ञान. चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा.

(दृश्य: वही, जवळून.)

प्रश्नपत्रिका हिंदीत आणि इंग्रजीत. मुलगा दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला. बारावी सायन्सचं इंग्रजी अजून जिभेवर बसलेलं नाही, म्हणून त्याने हिंदी धरलंय. वहीत दोन रकाने पाडलेत. घनता – घनत्व. भिंग – लेंस. आणि हा शब्द बघा, लाल पेनाने दोनदा गोल केलेला: क्षार. आपल्या पाठ्यपुस्तकात आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार तयार होतो. हिंदीत क्षार म्हणजे अल्कली, आणि आपल्या क्षाराला म्हणायचं लवण. समुद्राकाठच्या पोराचा मिठावरच्या प्रश्नात गुण जायचा!

लष्कराने 2025 मध्ये अग्निवीरांची, म्हणजे चार वर्षांसाठी घेतल्या जाणाऱ्या जवानांची, परीक्षा मराठीसकट 13 भाषांत घेतली. मग नौदलाचं कुठे अडतंय?

(दृश्य: माजघरातली भिंत, जुना फोटो.)

पांढऱ्या गणवेशातले हे आजोबा. तेव्हा नेव्हीत लागलेला मुलगा 15 वर्षं काढायचा आणि पेन्शन घेऊन गावी यायचा. या भिंतीचे चिरे त्या पेन्शनीतले. आजी भिंतीवर हात ठेवून सांगते तेव्हा आम्ही मध्ये काही बोललो नाही.

(दृश्य: नौदलाचं चित्रीकरण. प्रकाशझोतातलं संचलन.)

2022 मध्ये अग्निवीरांची ही चार वर्षांची अग्निपथ योजना आली. नौदलाच्या पहिल्या तुकडीचं हे दीक्षांत संचलन, 28 मार्च 2023, चिलिका. सूर्यास्तानंतर झालेलं. सुमारे 2,600 अग्निवीर, त्यात 273 मुली. खलाशी म्हणून मुलींना नौदलाचं दार याच तुकडीपासून उघडलं. पहिल्या वर्षी महिना 30,000, त्यातले 9,000 निधीत, हातात 21,000. चार वर्षं भरली की सरकारचा वाटा आणि व्याज धरून साधारण 11 लाख 71 हजार. पेन्शन नाही. पुढे कायम होणार जास्तीत जास्त 25 टक्के. बाकीचे, यंत्रावर हात बसला असेल नसेल, घरी. पहिल्या तुकडीची चार वर्षं 2026 च्या अखेरीस भरतात.

(दृश्य: किनारा. पाणी चढतंय, पावलांचे ठसे पुसले जातायत.)

आज 6 मिनिटं 41 सेकंद. परवा 6:48 होतं. मामाने आकडा वहीच्या मागच्या पानावर लिहिला. ओहोटी रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. मुलाने मोबाइल मागून घेतला आणि उद्याचा गजर तेवढाच पुढे नेला. मग दोघं रापणीच्या दोराला लागले.