सरासरी दहा मिनिटं

[दृश्य: सकाळची साइट. काँक्रीटचा मिक्सर रिव्हर्स घेत पंपाच्या हॉपरला, म्हणजे काँक्रीट ओतायच्या तोंडाला, लागतोय.]

आज स्लॅब आहे. गाडीची चुट, म्हणजे काँक्रीट घसरायची पन्हळ, हॉपरवर आली की स्टॉपवॉच सुरू, ड्रम रिकामा झाला की बंद. समजा, सात गाड्यांच्या नोंदी अशा आल्या: ८, ९, ९, ८, १०, ९ आणि १७ मिनिटं. सरासरी बरोबर १०.

आता हेच काम आधी संगणकात चालवून बघायचंय, किती मिक्सर मागवावेत ते ठरवायला. अशा फिरून फिरून होणाऱ्या कामांसाठी डॅनियल हॅल्पिन यांनी १९७०च्या दशकात 'सायक्लोन' ही पद्धत मांडली. पण प्रत्येक गाडीचा वेळ संगणकाला द्यायचा कुठून?

सरासरीच देऊन टाकावी, असं वाटतं. दर १२ मिनिटांनी गाडी येते, १० मिनिटांत रिकामी होते. म्हणजे कुणी थांबणारच नाही. आता दोन गाड्यांमधल्या आणि रिकामं होण्याच्या, दोन्ही वेळांना घातांकी वितरण लावा. वितरण म्हणजे कोणता वेळ किती वेळा येतो याचा साचा; घातांकीत छोटे वेळ बरेचदा, मोठे क्वचित. सरासरी तीच ठेवा. काम असंच चालू राहिलं, तर रांगेच्या गणितानुसार गाडी सरासरी ५० मिनिटं खोळंबते! शून्य कुठे, पन्नास कुठे. आणि ड्रममधलं काँक्रीट तर घट्ट होत चाललेलं.

मग घातांकी बरोबर का? पंपासाठी तरी नाही. वीस मिनिटं हॉपरला उभी असलेली गाडी आणि आत्ता लागलेली गाडी, दोन्हींचा उरलेला वेळ त्याच्या लेखी सारखाच. प्रसामान्य, म्हणजे घंटेच्या आकाराच्या, वितरणाला टोकंच नाहीत. फैलाव मोठा असेल तर ते उणे मिनिटंही काढून देतं. हाताशी नोंदी नसतील तर त्रिकोणी वितरण घ्यावं. कमीत कमी, नेहमीचा आणि जास्तीत जास्त वेळ अनुभवी सुपरवायझर तोंडी सांगतो. नोंदी भरपूर असतील, तर आमचा कौल बीटा वितरणाला. त्याला दोन्हीकडे बांध असतो आणि कल हवा तिकडे झुकवता येतो. सायमान अबूरिझ्क आणि हॅल्पिन यांनी १९९२ मध्ये बांधकामातल्या प्रत्यक्ष वेळा तपासून बीटाचीच बाजू घेतली होती.

[दृश्य: वहीचं पान. '१७'वर थांबलेलं बोट.]

राहिली ही १७ मिनिटं. पाइप चोक झाला होता का? तसं असेल, तर ही नोंद या वितरणात कोंबू नये. किती गाड्यांमागे पाइप चोक होतो आणि किती वेळ जातो, ते वेगळं मांडावं. पण काहीच बिघडलं नसताना १७ लागली असतील, तर तो आकडा खोडायचा नाही. रांग लागते ती अशाच गाडीमागे.

वहीत शेरा नाही. पंपवाल्याला विचारायला हवं, तो जायच्या आत.