अर्ध्यात उठून यायची मुभा

नमस्कार मंडळी. कार्यक्रमपत्रिकेवर आजचा विषय 'कुटुंबासाठी फुकट आणि स्वस्त सहली' असा छापलाय. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वही-पेन काढून ठेवलेलं दिसतंय, म्हणजे ठिकाणांची यादी मिळेल अशी अपेक्षा असणार. यादी मी देणार नाही. तुमच्या घराजवळ कुठली बाग आहे, कुठली टेकडी आहे, हे माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त ठाऊक. शिवाय यादी हाती आली की माणूस ती संपवायच्या मागे लागतो, आणि मग सहलीचं काम होऊन बसतं.

मला सांगायचंय ते एवढंच. फुकट सहलीत पैसे वाचतात, हे खरं. पण तिचा खरा फायदा असा की कंटाळा आला की उठून घरी येता येतं. तिकीट काढलं की ही मुभा जाते.

१९८५ साली हॅल आर्केस आणि कॅथरीन ब्लूमर या दोन संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात हंगामभराच्या नाटकांची तिकिटं विकली जात होती. काही जणांना पूर्ण दरात तिकीट दिलं, काहींना थोडी सवलत, काहींना भरपूर. कुणाला काय मिळेल ते चिठ्ठी काढल्यासारखं, नशिबावर. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. तरी हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे भरलेली मंडळी इतरांपेक्षा जास्त वेळा हजर राहिली. भरलेले पैसे परत येणार नसतात, तरी ते आपल्याला धरून ठेवतात. आपल्याकडे यालाच 'पैसे वसूल करणं' म्हणतात आणि अभिमानाने म्हणतात.

आता ही वसुली चार वर्षांच्या मुलाला घेऊन करा. दुपारचे तीन वाजलेत, मूल पेंगुळलंय, पायात घुटमळतंय, आणि वडील म्हणतायत, "एवढे पैसे भरलेत, अजून दोन राइड्स राहिल्यात!" पुढचा तासभर कुणालाच सुखाचा जात नाही. तिकडे कोपऱ्यावरच्या बागेत गेलेलं कुटुंब वीस मिनिटांत परत फिरतं आणि कुणाचं काही बिघडत नाही. उद्या पुन्हा जाता येतं. लहान मुलांना तर तीच जागा पुन्हा पुन्हा हवी असते. नवीन जागेचा हट्ट बहुतेक वेळा मोठ्यांचाच असतो.

खर्चाचं म्हणाल, तर तिकीट हा त्यातला फार थोडा भाग असतो. जाण्यायेण्याचा खर्च, पार्किंग, बाहेरचं खाणं, आणि बाहेर पडायच्या वाटेवरच मांडून ठेवलेलं खेळण्यांचं दुकान, खिसा तिथे रिकामा होतो. 'प्रवेश विनामूल्य' असलेल्या लांबच्या ठिकाणी जाऊन माणसं चांगली खर्चात पडतात. म्हणून माझा हिशेब सोपा आहे. चालत किंवा एका बसने पोचता येत असेल आणि खाऊ-पाणी घरून नेता येत असेल, तर ती सहल स्वस्त. दारावर किरकोळ तिकीट असलं तरी चालेल.

संग्रहालयांवर जरा थांबतो, कारण फुकटपणाचा सगळ्यात वाईट वापर आपण तिथे करतो. लंडनचं ब्रिटिश म्युझियम १७५९ साली लोकांसाठी उघडलं तेव्हा प्रवेश विनामूल्य होता, आणि आजही तिथली कायमची दालनं फुकट बघता येतात. वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियन या संस्थेच्या संग्रहालयांचंही तसंच. अनेक ठिकाणी आठवड्यातला किंवा महिन्यातला एखादा दिवस विनामूल्य असतो. आणि आपण काय करतो? फुकट आहे म्हणून सगळी दालनं एका दमात पायाखाली घालतो.

बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात बेंजामिन गिलमन नावाचे एक अधिकारी होते. लोक संग्रहालयात इतके का थकतात, हा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी एका चांगल्या नजरेच्या, हुशार माणसाला काचेच्या कपाटांतल्या वस्तूंबद्दल प्रश्न दिले आणि उत्तरं शोधताना त्याचे फोटो काढून घेतले. १९१६ साली ते लेखासह छापून आले. त्या फोटोंत तो माणूस कमरेत वाकलाय, उकिडवा बसलाय, मान वाकडी करून वाचतोय. म्हणजे थकवा नुसता चालण्याचा नव्हता, वस्तू जशा मांडल्या होत्या त्याचाही होता. मोठ्या माणसाची ही गत. मग मीटरभर उंचीच्या मुलाला त्या कपाटात काय दिसत असेल? बहुतेक टेबलाची कड आणि स्वतःचं प्रतिबिंब.

म्हणून संग्रहालय फुकट असेल तर एकच दालन बघा. मुलाला एकच वस्तू निवडू द्या आणि तिचं चित्र काढायला सांगा. पेन्सिल न्या. बऱ्याच संग्रहालयांत शाईचं पेन चालत नाही, पेन्सिल चालते. भांड्याच्या हँडलला किती वेढे आहेत, तडा कुठून कुठे गेलाय, हे चित्र काढतानाच दिसतं. मग बाहेर या. उरलेली दालनं पळून जात नाहीत. विनामूल्य दिवसाला मात्र झुंबड असते, तेव्हा साध्या दिवसाचं स्वस्त तिकीट परवडत असेल तर मी तेच घेईन.

बागेत गेल्यावर करायचं काय, असं पालक मला विचारतात. खरं तर काही करायला नको. पण मोठ्यांचे हात रिकामे राहत नाहीत आणि मग ते फोनकडे जातात, म्हणून एक उद्योग सांगतो. झाडाची उंची मोजायची. एक सरळ काठी घ्या. हात समोर ताठ करा आणि काठी मुठीत उभी धरा. मुठीच्या वर काठीचा जेवढा भाग येतो, तो डोळ्यापासून मुठीपर्यंतच्या अंतराएवढा हवा. जमीन सपाट असेल अशा बाजूने मागे मागे सरकत जा. काठीचं टोक झाडाच्या शेंड्याशी आणि मूठ बुंध्याशी जुळली की थांबा. तिथून झाडापर्यंत जेवढं अंतर, तेवढी झाडाची उंची. अंतर पावलांनी मोजायचं. काठी आणि हात सारख्याच लांबीचे, म्हणून झाड आणि अंतरही सारखं. शाळेत समरूप त्रिकोण शिकवतात ते हेच, पण तो उल्लेख तिथे करू नका. पोरं पळतील.

यात मागे सरकणारा एक लागतो, "अजून, अजून, थांब!" म्हणणारा एक लागतो आणि पावलं मोजणारा एक. आजोबा बाकावर बसल्या बसल्या आधी अंदाज सांगू शकतात. अंदाज साफ चुकतो, आणि आजोबांचा चुकला तर मुलांना फारच आनंद होतो.

दुसरी फुकटची जागा म्हणजे आकाश. शहरातून तारे दिसत नाहीत, ही तक्रार रास्त आहे. चंद्राला मात्र दिव्यांचा त्रास होत नाही. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, म्हणजे मुलांच्या झोपेच्या आधी. पुढे तो रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा येत जातो. एखाद्या गच्चीवर किंवा उघड्या मैदानात पूर्वेकडे तोंड करून बसा. क्षितिजाजवळ चंद्र अवाढव्य वाटतो. तेव्हा मुलांना हात लांब करून करंगळीचं नख चंद्रावर धरायला सांगा. नख त्याला सहज झाकतं. दोन तासांनी चंद्र वर चढून लहानसा वाटायला लागला की पुन्हा नख धरा. पूर्वीइतकंच झाकतं! चंद्राचा आकार बदललेला नसतो, आपले डोळे फसलेले असतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना हे पटवून घ्यायला पुन्हा पुन्हा नख धरून बघावं लागतं.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकही दिसतं, दुर्बिणीशिवाय. साधारण चारशे किलोमीटर उंचीवरून ते सुमारे नव्वद मिनिटांत पृथ्वीला एक फेरी मारतं. खाली अंधार पडलेला असतो आणि वर त्याच्यावर ऊन असतं, अशा वेळी ते चमकतं, म्हणून बघायची वेळ संध्याकाळी उशिरा किंवा पहाटे. न लुकलुकणारा ठिपका काही मिनिटांत आकाश पार करतो. त्याच्या वेळा नासा विनामूल्य कळवते. उल्कावर्षाव बघायचाच असेल तर १३-१४ डिसेंबरच्या सुमारासचा मिथुन राशीतला घ्या. तो त्यातल्या त्यात लवकर सुरू होतो, लहान मुलांना मध्यरात्रीपर्यंत जागवावं लागत नाही. पण डोळ्यांना अंधार सरावायला वीसेक मिनिटं लागतात, आणि कुणी एकाने फोन उघडला की ती मेहनत वाया जाते.

वाचनालयाबद्दल फार बोलत नाही, तुम्ही जाताच. बसचा प्रवास मात्र लोक विसरतात. पहिल्या थांब्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंत, खिडकीजवळ बसून, काही काम नसताना. पावसाळी दिवसाला तर याहून चांगलं काही नाही. लक्झेंबर्ग देशात २०२० पासून सार्वजनिक वाहतूकच विनामूल्य आहे. तिथल्या पोरांचा मला हेवा वाटतो.

निघण्याआधी दोन गोष्टींची चौकशी करा: सावली आणि स्वच्छतागृह. जागा कितीही सुंदर असली तरी स्वच्छतागृह नसेल तर लहान मूल आणि आजी दोघांचंही चित्त थाऱ्यावर राहत नाही. पाण्याकाठी जाणार असाल तर मुलांवर नजर कुणी ठेवायची ते नाव घेऊन ठरवा. 'सगळे बघतील' म्हटलं की कुणीच बघत नाही.

मघाशी चिठ्ठीवर एका ताईंनी विचारलंय, चौदा वर्षांचा मुलगा कुठेच यायला तयार नसतो, काय करू? ताई, दर वेळी त्याला आणायलाच हवं असं नाही. आणायचं असेल तर ठरवायचं काम त्याच्याकडे द्या. कुठली बस, कुठे उतरायचं, परत कधी फिरायचं, सगळं तोच ठरवेल. आणि मग खरंच मध्ये बोलू नका. चुकीच्या थांब्यावर उतरवलं तर उतरा. त्याचा एखादा मित्रही सोबत येऊ दे. फुकटच्या सहलीत एक माणूस वाढला तर खर्चात काय फरक पडतो?