संमतिवयाचा वाद : युक्तिवाद तपासायचा कसा

श्रोतेहो, नमस्कार. नैतिक प्रश्नावरचा वाद कानी पडला की आपण बहुधा निष्कर्ष पाहून बाजू घेतो. तो निष्कर्ष ज्या विधानांवर उभा आहे, ती खरी आहेत का आणि त्यांतून तो खरोखर निघतो का, हे पाहायचे राहूनच जाते. ही पारख कशी करावी हे नुसत्या नियमांनी सांगण्यापेक्षा, महाराष्ट्राला चांगल्या परिचयाच्या एका जुन्या वादाची चिरफाड करून मांडावे असे मला वाटते. तो वाद म्हणजे १८९१ सालचे संमतिवयाचे, म्हणजे शरीरसंबंधाला संमती देण्यास मुलगी कायद्याने पात्र समजली जाते त्या वयाचे, विधेयक.

१८६० च्या दंडसंहितेने पत्नीचे वय दहाच्या आत असल्यास तिच्याशी पतीने ठेवलेला शरीरसंबंधही बलात्कार ठरवला होता. ही मर्यादा दहावरून बारावर नेणारे विधेयक ९ जानेवारी १८९१ रोजी मांडले गेले आणि १९ मार्चला मंजूर झाले. त्यामागे पारशी समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांची १८८४ पासूनची चळवळ होती, तसेच कलकत्त्यातले एक भीषण प्रकरणही होते. फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची विवाहित मुलगी पतीने केलेल्या संभोगातील जखमांनी मरण पावली. तिने दहावे वर्ष ओलांडलेले असल्यामुळे पतीवर बलात्काराचा गुन्हा लागू होईना, आणि अखेर बेदरकार कृत्याने गंभीर दुखापत केल्याबद्दल त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली.

विधेयकाला लोकमान्य टिळकांनी विरोध केला, तर ‘सुधारक’कर्ते आगरकर त्याच्या बाजूने उभे राहिले. विरोधी बाजूचा एक प्रमुख युक्तिवाद मी माझ्या शब्दांत, पण शक्य तितक्या बळकट रूपात मांडतो. कारण प्रतिपक्षाचा युक्तिवाद दुबळा करून मग तो पाडण्यात काही पुरुषार्थ नाही. समाजाच्या धार्मिक आणि कौटुंबिक चालीरीती बदलण्याचा अधिकार फक्त त्या समाजाला आहे, हे पहिले विधान. इंग्रज सरकार परकीय आहे, ते या समाजाचा भाग नाही, हे दुसरे. प्रस्तुत विधेयक अशीच एक चालरीत बदलते, हे तिसरे. तेव्हा सरकारने हे विधेयक करू नये, हा निष्कर्ष.

या तीन विधानांना आधारविधाने म्हणतात, आणि ती तिन्ही मान्य केली तर निष्कर्ष नाकारायला जागा उरत नाही. म्हणजे युक्तिवाद वैध आहे. पण गवंड्याचा ओळंबा भिंत सरळ आहे की नाही एवढेच सांगतो, विटा भाजलेल्या आहेत की कच्च्या हे सांगत नाही. तसेच वैधतेवरून आधारविधानांचे खरेपण कळत नाही. त्यासाठी एकेक विधान वेगळे काढून पाहावे लागते.

दुसऱ्या विधानाबद्दल वाद नाही. सगळा भार पहिल्यावर आहे. असे व्यापक विधान तपासण्याची एक जुनी आणि खात्रीची रीत अशी की, ते ज्या दुसऱ्या ठिकाणी लागू पडते तिथे नेऊन पाहायचे. १८२९ साली गव्हर्नर जनरल बेंटिंकच्या कारकिर्दीत सतीबंदीचा कायदा झाला. तोही परकीय सरकारनेच केला होता आणि त्यानेही धर्माच्या नावाने चालणारी रूढीच मोडली होती. मग तो अयोग्य होता का? होय म्हणावे तर फारच थोडे लोक बरोबर येतील. नाही म्हणावे, तर ‘परकीय सरकारने केला’ हे कारण कायदा अयोग्य ठरवायला पुरेसे नाही, हे आपणच कबूल केले. हेतू, म्हणजे दिलेले कारण, हजर असून साध्य, म्हणजे त्यावरून सिद्ध करायची गोष्ट, मात्र गैरहजर, अशा हेतूला न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, सव्यभिचार म्हणतात, तो प्रकार इथे होतो.

यावर कुणी म्हणेल, सतीच्या चालीत जीव जात होता, ती गोष्ट निराळी. हे उत्तर वाजवी आहे. पण ते देताना कसोटीच बदलली, हे ध्यानात घ्यावे. आता प्रश्न राज्यकर्ता कोण हा राहिला नाही, इजा किती गंभीर हा झाला. आणि फुलमणीचा जीवच गेला होता.

दुसरा आक्षेप शास्त्राचा होता. ऋतुप्राप्तीनंतर लगेच गर्भाधान, म्हणजे पतिपत्नीच्या पहिल्या समागमाचा संस्कार करणे हा धर्म आहे, आणि काही मुलींना बारा वर्षांच्या आत ऋतू प्राप्त होतो; म्हणून कायदा धर्मपालनाच्या आड येतो. याला दोन बाजूंनी उत्तर देता येत होते. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी आधारविधानच नाकारले. संस्कार पहिल्याच ऋतुकाळी झाला पाहिजे असे बंधन शास्त्रातून निघत नाही, असे त्यांनी ग्रंथांच्या आधारे दाखवले. आगरकरांची वाट वेगळी होती. शास्त्रात काहीही असो, आचार योग्य की अयोग्य हे विवेकाने ठरवावे, असा त्यांचा पवित्रा. ‘शास्त्राने सांगितले ते केलेच पाहिजे’ हे अध्याहृत, म्हणजे न बोलता गृहीत धरलेले विधान त्यांनी उघड्यावर आणले आणि तेच अमान्य केले. भांडारकरांची वाट सनातन्यांना पटवायला सोयीची होती खरी, पण तिच्यात एक जोखीम होती: उद्या उलट अर्थाचे वचन सापडले तर? माझ्या मते आगरकरांनी वाद योग्य जागी नेला, मग त्यांना समर्थक थोडे मिळाले तरी.

टिळकांच्या बाजूने एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली पाहिजे. १८९० साली त्यांनी सुधारकांपुढे एक प्रतिज्ञापत्र ठेवले होते. मुलींची लग्ने सोळा वर्षांच्या आत आणि मुलग्यांची वीसच्या आत करणार नाही, असे सह्या करणाऱ्यांनी स्वतःवर बंधन घालून घ्यावे, अशी त्यातली सूचना होती. ‘आधी तुम्ही पाळून दाखवा’ हा टोला म्हणून पाहिला तर ती केवळ व्यक्तीवरची टीका ठरते. सुधारक ढोंगी असले तरी विधेयक वाईट ठरत नाही. पण समाजाने आपली सुधारणा आपल्या हाताने करावी, या त्यांच्या पहिल्या विधानाशी हे प्रतिज्ञापत्र पूर्ण सुसंगत होते, म्हणून त्याला हेत्वाभास, म्हणजे सदोष युक्तिवाद, म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल. त्याची उणीव दुसरीकडे आहे. जे सही करणार नाहीत त्यांच्या घरच्या मुलींसाठी त्यात काहीच नव्हते.

आता जिंकलेल्या बाजूकडेही तितक्याच कठोरपणे पाहू. अल्पवयीन मुलीच्या शरीराला होणारी इजा टाळणे हे राज्याचे कर्तव्य आहे, हे समर्थकांचे मुख्य आधारविधान. ते खरे मानले, तर त्यातून बारा हा आकडा कसा निघाला? ऋतुप्राप्ती झाली म्हणजे शरीर परिपक्व झाले असे नव्हे. बारा हा तडजोडीचा आकडा होता. समर्थकांचे विधान त्यांच्या निष्कर्षाच्या बरेच पुढे जात होते. ही मर्यादा पत्नीच्या बाबतीत १९२५ साली तेरा झाली, १९४९ साली पंधरा, आणि तिथेच अडकली. १९७८ पासून मुलीच्या लग्नाचे वय अठरा असूनही पंधरा ते अठरा वर्षांच्या पत्नीला बलात्काराच्या कायद्याचे संरक्षण नव्हते. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा अठरावर आणली. त्या खटल्यात केंद्र सरकारने पतीला मिळालेल्या या अपवादाच्या बचावासाठी, देशात बालविवाह होतात ही सामाजिक वस्तुस्थिती असल्याचे मांडले होते. हे विधान खरेच होते. परंतु त्यातून अपवाद कायम ठेवावा हा निष्कर्ष काढायचा, तर ‘जे प्रचलित आहे त्याला कायद्याने अभय द्यावे’ असे आणखी एक विधान मधे घालावे लागते, आणि न्यायालयाने ते मान्य केले नाही.