निकालाची वाट इंग्रजीतून पाहताना

मित्रहो, बारावीचा निकाल, पोलीस भरतीची यादी, कंपनीची मुलाखत. तुमच्या वयात वाट पाहणं काही चुकत नाही. त्यात धास्ती असते, हुरूप असतो, बऱ्याचदा दोन्ही एकदमच. पण हे इंग्रजीत सांगायची वेळ आली की आपली हुशार पोरंसुद्धा 'टेन्शन' म्हणून मोकळी होतात. इंग्रजीत या मनःस्थितीच्या प्रत्येक छटेला वेगळा वाक्प्रचार आहे. यादी पाठ करून तो वापरता येत नाही, त्यामागचं चित्र डोळ्यांपुढे यावं लागतं.

'ऑन टेंटरहुक्स' घ्या. इंग्लंडात लोकरीचं कापड विणून झालं की धुऊन, कुटून दाट करत. ते ओलं तसंच सोडलं तर आक्रसायचं, म्हणून उघड्यावर लाकडी चौकटीवर ताणून वाळवत. ती चौकट म्हणजे टेंटर आणि कापडाच्या कडा ज्यांत अडकवायच्या ते आकडे म्हणजे टेंटरहुक्स. वाळेपर्यंत कापडाची सुटका नाही. पेपर देऊन झालाय, निकाल दुसऱ्याच्या हातात आहे, अशा वेळी हा वाक्प्रचार चपखल बसतो. आपला जीव टांगणीला लागतो तो अगदी असाच. उच्चार मात्र जपा, 'टेंडरहुक्स' असं काही नाही.

आता 'चॅम्पिंग ॲट द बिट'. तुम्ही शहाद्याकडची मुलं, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेबाजार पाहिलेला असणार. चाल दाखवायला आणलेला तेज घोडा आठवा. मालकानं लगाम खेचून धरलेला असतो. घोडा तोंडातलं लोखंड, म्हणजेच 'बिट', करकरा चावतो, ओठांशी फेस येतो, पुढचा पाय जमिनीवर आपटत राहतो. त्याला पळायचंय आणि कुणीतरी अडवलंय, एवढंच. त्यात भीतीचा मागमूसही नाही. आपण हात शिवशिवतात म्हणतो, तीच ही अवस्था. निकालाच्या धाकानं झोप उडालेल्यानं हा वाक्प्रचार वापरला तर ऐकणारा उलटंच समजेल. अमेरिकेत 'चॉम्पिंग' म्हणतात, तेही चालतं.

'बटरफ्लाइज इन द स्टमक' तुम्हाला ठाऊकच आहे. स्टेजवर जाण्याआधी शरीरात ॲड्रेनलिन वाढतं, पोटाकडचं रक्त स्नायूंकडे वळतं आणि पोटात कसंतरी होतं. भीतीनं होतं तसंच आनंदानंही होतं, म्हणून हा वाक्प्रचार दोन्हीकडे चालतो.

फसगत होते ती 'कोल्ड फीट'मध्ये. आपले हातपाय गार पडतात ते भीतीनं, म्हणून मुलं मुलाखतीच्या खोलीबाहेर बसून 'आय हॅव कोल्ड फीट' म्हणतात. इंग्रजीत त्याचा अर्थ, आधी होकार दिला आणि ऐनवेळी कच खाल्ली. लग्न ठरवून मागे फिरणाऱ्याला तो लागू पडतो. नोकरीच्या दारात बसून हे म्हणालात तर समोरच्याला वाटेल, याला नोकरीच नको आहे.

आणि अर्जात, ईमेलमध्ये यातलं काहीच लिहू नका. तिथे 'लुकिंग फॉरवर्ड टू' पुरे. त्यातल्या 'टू'पुढे 'मीटिंग यू' येतं, 'मीट यू' नाही. आज घरी जाऊन आपला जुना अर्ज काढा आणि तेवढी ओळ तपासा.