दरजेतला चुना

श्रोतेहो, नमस्कार. गडावर फिरताना जमिनीतला दगडी गोल चर आणि शेजारी पडलेलं जड चाक तुम्ही पाहिलं असेल. तो चुन्याचा घाणा. वाटाड्या लगेच सांगतो, "यात गूळ, उडीद, हिरडा, बेलफळाचा गर घालायचे." खरं की ऐकीव? दोन दगडांमधल्या सांध्यातला, म्हणजे दरजेतला, सुपारीएवढा खडा प्रयोगशाळेत नेला, तर तो काय सांगेल?

पहिली परीक्षा साधीच. खडा हलक्या हाताने फोडायचा, सुकवून तोलायचा आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकायचा. फसफसून चुना विरघळतो, वाळू तळाशी राहते. समजा 100 ग्रॅममधली 70 ग्रॅम उरली. म्हणजे गवंड्याने 30 ग्रॅम चुना घातला होता? नाही. चुनखडी भाजून पाण्यात विरवलेला चुना भिंतीत बसला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत पुन्हा चुनखडी होतो आणि वजनाने वाढतो. मुळात तो होता 22 ग्रॅमच्या आसपास. तळाशी लालसर भुकटी दिसली, तर ती विटांची सुरखी. पाण्याच्या हौदांना ती मुद्दाम घालत, कारण सुरखीचा चुना ओलीतही घट्ट होतो.

सह्याद्रीवर ही परीक्षा बरी चालते. तिथली वाळू काळ्या दगडाची, आम्लाला दाद न देणारी. कोकणात मात्र ती साफ फसवते. किनाऱ्याच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो आणि शिंपलाही चुनखडीचाच. आम्ल दोन्ही गिळतं, आणि अहवालात बिचारा गवंडी चुना उधळणारा ठरतो! मग खड्याचा 0.03 मिलिमीटर जाडीचा काप घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. तिथे शिंपल्याचे थर वेगळे ओळखू येतात.

आणि गूळ? तो पाण्यात विरघळणारा. इतक्या पावसाळ्यांनंतर सापडला नाही, म्हणून घातलाच नव्हता असं म्हणता येत नाही. वनस्पतींचे तंतू मात्र टिकतात. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश सापडल्याचं 2016 साली प्रसिद्ध झालं. गूळ-उडदाची गोष्ट मी खोटी म्हणत नाही. पण प्रत्येक गडाला तीच पाककृती चिकटवतात, ते काही पटत नाही.

तुमच्या वाड्याच्या दरजा भरायला कुणी सिमेंट कालवत असेल, तर जरा थांबवा. सिमेंटमधून ओल सहज बाहेर पडत नाही. ती विटेतून वाट काढते, क्षार साचतात आणि वीट पापुद्र्यांनी सुटत जाते. आणि जुनी दरज खरवडण्याआधी, पावसाचा मार न लागलेल्या जागेतला मूठभर चुना पाकिटात भरून ठेवा. कुठल्या भिंतीचा, तेवढं वर लिहा.